‘प्राउड टू बी ज्युइश’ : गर्व, अभिमान की आणखी काही?

पाटीपेन्सिल
एका मासिकासाठी बिलिंग्जवरचा लेख मराठीत आणतेय. अमेरिकेतलं मोंटाना राज्य, डिसेंबर १९९३. हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या तोंडावर एका ज्यू घराच्या खिडकीला मेनोराचं, म्हणजे त्या सणाच्या अनेक फांद्यांच्या दीपदानाचं, चित्र लावलं होतं. रात्री कुणीतरी सिमेंटच्या विटेचा तुकडा मारून ती खिडकी फोडली. खोली पाच वर्षांच्या मुलाची. मग ‘बिलिंग्ज गॅझेट’ने पानभर मेनोरा छापला आणि हजारो घरांनी तो आपापल्या खिडक्यांना लावला, ज्यू नसलेल्यांनी.
लेखातल्या ‘प्राउड टू बी ज्युइश’साठी मी लिहिलं, ‘आम्हाला ज्यू असल्याचा गर्व आहे.’ संपादकांनी गर्व खोडून अभिमान केलं. मराठीत गर्व हा दुर्गुण, म्हणे. पण ‘अभिमान आहे’ म्हटलं की मला शाळेतली प्रतिज्ञाच ऐकू येते. फुटलेल्या खिडकीत पुन्हा दिवा लावणाऱ्या माणसाच्या तोंडी ते कसं घालू?

वळचण
संपादक बरोबर आहेत. गर्वाचं घर खाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ‘गर्व आहे’ ही थेट हिंदीची उचल. जाहिरातींतून आली आणि आता बातम्यांतही घुसली. आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला?

शिळाप्रेस
मग अभिमान तरी कुठे सोवळा? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प यांच्या पंगतीला अभिमान बसलाय, आसुरी संपत्तीत. संतांच्या लेखी देहाभिमान हा दोषच. देशाभिमान, भाषाभिमान असे शब्द रुळले तेव्हा त्याला बरा अर्थ चिकटला. तो लोकांनी वापरून चिकटवला, कोशकारांनी नाही. गर्वाचंही तसंच होऊ शकतं.

वळचण
होऊ शकतं म्हणून आजच करायचं का? ‘त्याला फार गर्व आहे’ हे वाक्य आजही शिवीच आहे.

अष्टागर
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळ अलिबागकडचा, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. दोन्ही शब्द नकोत असं मला वाटतं.
हनुक्काचा दिवा घर उजळायला नसतोच. त्याच्या उजेडात काम करायचं नाही असा दंडक आहे. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, तो चमत्कार चारचौघांना दिसावा म्हणून तो लावायचा. तालमूद या आमच्या धर्मग्रंथात जागा सांगितली आहे. दिवा दाराबाहेर ठेवावा, माडीवर राहणाऱ्याने खिडकीत ठेवावा, आणि जिवावर बेतायची वेळ असेल तर घरात मेजावर ठेवला तरी चालेल. आमची आजी काचेच्या पेल्यात पाणी घालून वर खोबरेल तेल सोडायची. वात पेटली की पेला उचलून खिडकीच्या गजांपाशी. वाऱ्याने विझतो म्हणून आईने आत सरकवला की आजी पुन्हा पुढे सरकवायची. ‘दिसूं दे की.’ एवढंच म्हणायची.
तेव्हा लिहा, ‘आम्ही ज्यू आहोत आणि ते लपवणार नाही.’ बिलिंग्जच्या त्या घराने तेच केलं होतं.

पाटीपेन्सिल
हे फार आवडलं. पण मूळ वाक्यात ‘लपवणं’ नाही. संपादक म्हणतील, पदरचं घातलं.

कोरडवाहू
सरळ ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणा आणि ‘आम्ही आमची दिवाळी ताठ मानेने साजरी करतो’ असं करा. वाचकाला लगेच कळेल.

अष्टागर
नको, कळकळीने सांगतो. ग्रीक राजाने जेरुसलेमच्या मंदिरात आमची उपासना बंद पाडली होती. ते मंदिर परत मिळवून शुद्ध केलं, त्याचा हा सण. दुसऱ्यांसारखे व्हा हा हुकूम ज्यांनी मानला नाही, त्यांच्या सणाला दुसऱ्याच्या सणाचं नाव कसं द्यायचं?

शिळाप्रेस
पण बेने इस्रायलांनीच पुरीमला ‘होळीचा सण’ म्हटलं ना? योम किप्पुर या उपासाच्या दिवसाला ‘दरफाळणीचा सण’. आणि हनुक्का तर कोकणात जुना नाहीच. कोचीनच्या ज्यू गुरुजींनी शिकवला तेव्हा आला.

अष्टागर
खरं आहे. म्हणून तर त्याला मराठी नाव पडलं नाही. हनुक्का तो हनुक्काच. उशिरा आला म्हणून आमचा कमी होत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेतलेली माणसं आम्ही. तेलाचा सण आम्हाला परका नव्हता.

वळचण
‘ज्यू’ तरी कशाला? मराठी बायबलात ‘यहूदी’ आहे.

अष्टागर
आम्हाला गावात कुणी ज्यू म्हटलं नाही की यहूदी. ‘इस्रायल लोक’ म्हणत. अलिबागेत इस्रायल आळी आहे. सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, आम्हीसुद्धा मशीदच म्हणायचो.

कोरडवाहू
म्हणजे मुंबईतल्या मशीद बंदरचं नाव सिनेगॉगवरून पडलं, हे खरं?

शिळाप्रेस
पटण्यासारखं आहे. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं शार हारहमीम सिनेगॉग तिथेच, सॅम्युअल स्ट्रीटला आहे.

वळचण
त्या भागात मुसलमानांच्या मशिदी काय थोड्या आहेत? जवळ आहे एवढ्याने व्युत्पत्ती ठरत नाही. जुना कागद दाखवा.

शिळाप्रेस
तसा कागद तुम्हीही दाखवा, दुसऱ्या मशिदीचा.