दहावीतल्या मुलीची दिनचर्या: झोप, चेहरा, खाणं यांचं टिकेल असं काय बसवता येईल?

श्रावणधारा:
मुलगी १५ वर्षांची, दहावीत आहे. शाळा सकाळी ७:१० ते १२:४५. जेवून २ ते ४:३० झोपते, ५:३० ते ८:४५ क्लास. रात्री साडेनऊला जेवण, मग अभ्यास आणि मोबाइल, झोपायला साडेबारा-एक. सकाळी सहाला उठवणं म्हणजे रोजची लढाई. न खाताच शाळेत जाते. कपाळावर आणि गालांवर मुरुमं आहेत, त्यासाठी मैत्रिणीने सांगितलेली क्रीम आणली आहे. दोन-तीनदा वेळापत्रक करून भिंतीवर लावलं, आठवडाभरात बारगळलं. काय बदलावं आणि कुठल्या क्रमाने?

नीरजा_प:
श्रावणधाराताई, सुरुवात दुपारच्या झोपेपासून करा. अडीच तासांच्या त्या झोपेमुळे रात्रीची झोप लांबते. वयात येताना शरीराचं घड्याळ तसंही तास-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवतं. त्यामुळे रात्री दहाला झोप न येणं हा तिचा हट्ट नाही, तिला खरंच येत नाही. या वयात झोप मात्र ८ ते १० तास लागते.

दुपारची झोप २० ते ३० मिनिटांवर आणा, तीही तीनच्या आत संपवा. पहिले चार-पाच दिवस ती पेंगेल, चिडेल. तेवढं निभावून न्या. मोकळ्या झालेल्या दोन तासांत गणित-विज्ञानाचा अभ्यास, म्हणजे क्लासनंतर फक्त जेवण आणि दप्तर भरणं उरेल. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे घ्या. एकदम साडेबारावरून साडेदहा केलंत तर ती अंथरुणात तळमळत पडेल, आणि वेळापत्रक पुन्हा भिंतीवरच राहील.

उठायची वेळ रविवारीही तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका. रविवारी दहाला उठलेली मुलगी रात्री वेळेवर झोपत नाही आणि सोमवार बिघडतो. उठल्यावर १५ मिनिटं गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात, घड्याळ मागे आणायला याचा उपयोग होतो. चहा-कॉफी चारनंतर बंद, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात.

मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचा. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर 'गजर लावायचाय' म्हणून फोन परत खोलीत जातो. क्लासच्या नोट्स रात्री ग्रुपवर येत असतील तर त्या दुसऱ्या दिवशी दुपारी बघायच्या, हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवा.

डॉ_त्वचा:
आधी त्या क्रीमची ट्यूब बघा. घटकांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळतो, पण पुढे त्वचा पातळ आणि लाल होते, मुरुमं वाढतात. अजून वापरली नसेल तर लावूच नका. काही आठवडे लावून झाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करा, कारण सोडल्यावर चेहरा उसळतो आणि घाबरून मुली तीच क्रीम पुन्हा लावतात.

मुरुमांसाठी सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदाच. जास्त घासलं तर त्वचा कोरडी पडून चुरचुरते. रात्री चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, वाटाण्याएवढं, फक्त फोडावर नाही तर मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. वरून साधं मॉइश्चरायझर. उशीला पांढरा अभ्रा घाला, रंगीत कापडाचा रंग या औषधाने उडतो. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. बहुतेक मुली तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, हे तिला आधीच सांगा. लिंबू, टूथपेस्ट नको. कपाळावर मुरुमं असतील तर केसांचं तेल रात्रभर ठेवू नका, न्हाण्याआधी तासभर पुरे. खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे दिसले तर घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका.

अन्नपूर्णा_आहार:
साडेनऊच्या जेवणामुळेही सकाळी भूक नसते. खरं जेवण पाचला द्या: थालीपीठ-दही, पोळी-उसळ, अंडं चालत असेल तर अंडा-पोळी. क्लासहून आल्यावर वरणभात थोडाच. सकाळी निघताना एक केळं आणि मूठभर शेंगदाणे, बाकी डब्यात.

या वयाच्या मुलींत रक्त कमी असणं फार सामान्य आहे, आणि सततचा थकवा आळस समजला जातो. एकदा हिमोग्लोबिन तपासा, १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारी योजनेत शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी असते. ती जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि मुली गुपचूप फेकतात. शौचाला काळसर होतं, त्यात काळजीचं काही नाही. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, उसळीवर मात्र लिंबू जरूर पिळा.

श्रावणधारा:
ट्यूब पाहिली, मोमेटासोन आहे. दोनदाच लावली होती, बंद केली. चाचणीच्या आठवड्यात हे सगळं कसं सांभाळायचं?

नीरजा_प:
दोनदाच लावली असेल तर बरं झालं. चाचणीत फक्त तीन गोष्टी राहू द्या: ठरलेल्या वेळी उठणं, पाचचं जेवण, फोन हॉलमध्ये. बाकीचं सुटलं तरी बोलू नका. नवीन सवय एका वेळी एकच, आधीची दोन आठवडे बसल्यावर पुढची. क्रम तिला ठरवू द्या, तुम्ही लिहिलेला तक्ता तिचा होत नाही.

आणखी एक. झोप सुधारूनही दोन आठवडे उदास राहिली, मैत्रिणींना टाळू लागली, खाणं तोडलं किंवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर तो दिनचर्येचा प्रश्न नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचं बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तिला एकटी ठेवू नका.