विचारल्याने विचार रुजत नाही
'आत्महत्येचा विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात येईल' असं काहीजण म्हणतात, पण मला ते पटत नाही. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट कुणी थेट विचारलं की अनेकांना हायसं वाटतं.

माझ्या मावसभावाच्या मानसिक आजारपणात आम्ही सगळे 'जरा टेन्शनमध्ये आहे' एवढंच म्हणत राहिलो. काकांच्या शुगरच्या गोळ्या टेबलावर उघड्या, याच्या मात्र कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली! एका रात्री न राहवून मी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का रे?" बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "हो. कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं." मी उपदेश केला नाही, नुसता शेजारी बसून राहिलो. सकाळी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. आता तो कामावर जातो, औषधं चालू आहेत. 'नाटकं करतो' हे त्याच्या कानावर आधीच पडलं असतं, तर तो बोलला असता का?

जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात. म्हणून विचाराच. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मदत आणायची तर कुणाला तरी सांगावंच लागतं.