जुनी फोर बाय फोर कुटुंबासह कॅम्पिंगसाठी तयार करायची आहे, कामांचा क्रम काय ठेवू?

कच्चीवाट:

नमस्कार मंडळी. ११ वर्षांची, १,६०,००० किमी चाललेली डिझेल फोर बाय फोर घेतली आहे. लॅडर फ्रेम, मॅन्युअल गिअर, पार्ट-टाइम ट्रान्सफर केस (गरजेला पुढची चाकंही इंजिनला जोडणारी पेटी), पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सॉलिड ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे. सर्व्हिसच्या नोंदी अर्धवट आहेत. आम्ही दोघं आणि ६ व १० वर्षांची मुलं. कच्चे रस्ते, थोडी रेती, उथळ ओढे आणि एका जागी दोन-तीन रात्री मुक्काम, एवढाच वापर. दगडांवर गाडी चढवायची हौस नाही.

डोक्यातली यादी: ५० मिमी लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं), एक साइज मोठे ऑल-टेरेन टायर, टपावर रॅक आणि रूफटॉप तंबू, मागे ड्रॉवर, ४० लिटरचा १२ व्होल्ट फ्रिज, दुसरी बॅटरी, पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र). हँडबुकात रिकाम्या गाडीचं वजन (टाकी भरलेली, चालक धरलेला नाही) २,००० किलो, कमाल भारित वजन २,६०० किलो आणि टपाची मर्यादा ८० किलो दिली आहे. सुरुवात कुठून करू?

पाना१०१२:

यादीतलं अजून काहीही विकत घेऊ नका. आधी गाडीखाली जा.

पहिलं काम चेसिस. बॉडी माउंटच्या आसपास, पाट्यांच्या हँगरजवळ आणि मागच्या आडव्या पट्टीवर लहान हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. चेसिसचे बॉक्स आतून गंजतात, त्यामुळे वरून काळा रंग चकचकीत दिसला म्हणून खूश होऊ नका. उलट फक्त एकाच भागावर ताजा रंग असेल तर तिथेच जास्त ठोका. पाण्याच्या वाटेची छिद्रं मातीने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. पुढच्या पायाशी कार्पेट उचलूनही बघा. खाली ओल असेल आणि गोडसर वास येत असेल तर हीटरचा कोअर गळतोय. नुसतं पाणी असेल तर दाराचे रबर किंवा सनरूफचे निचरे तपासा.

नोंदी नाहीत म्हणजे सगळी ऑइल संशयित. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल (डिफ, म्हणजे ॲक्सलमधली गिअरची पेटी), सगळं बदला. डिफला बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्सला हँडबुक जीएल-४ सांगत असेल तर जीएल-४च घाला, कारण जीएल-५ मधली काही रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात. आणि आधी भरायचा प्लग सैल करा, मग निचऱ्याचा. ऑइल सगळं काढून झालं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

काढलेलं ऑइल बघितल्याशिवाय फेकू नका. प्लगच्या चुंबकावर काळी बारीक पेस्ट ही नेहमीची झीज. चकचकीत कपचे निघाले तर बेअरिंग किंवा दाते गेले. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. चालून तापलेलं डिफ गार ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) बुजलेला असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ब्रीदरला नळी जोडून वर न्या, पुढची इंजिनच्या खोलीत, मागची टेललाइटच्या उंचीपर्यंत. ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा नळी ताणली जाऊ नये एवढी ढील ठेवा.

टायमिंगला बेल्ट असेल आणि कधी बदलला हे कागदावर नसेल, तर टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंपासह बदला. किलोमीटर कमी असले तरी वयाने रबर जातंच. रेडिएटरच्या फिन्समधली माती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने काढा, नाहीतर फिन्स वाकतात. वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट आणि कॅप नवी, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. व्हिस्कस फॅन (तापल्यावर जोर धरणारा रेडिएटरचा पंखा) इंजिन गरम असताना (बंद करून) हाताने फिरवा. अडून फिरला पाहिजे. सुळकन फिरत राहिला तर संपला. रेतीत पहिल्या गिअरमध्ये गाडीला समोरून वारा मिळत नाही, तेव्हा सगळी भिस्त याच फॅनवर असते.

ब्रेक फ्लुइड तर बदलाच. डॉट ४ नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल शोषल्यावर ही किमान मर्यादाच १५५ वर येते. भरलेली गाडी लांब उतारावर असताना पेडल खाली जायला लागतं, त्याचं हे एक मोठं कारण. रबरी ब्रेक होज वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला.

फोर बाय फोर लागते का हे मातीवर किंवा खडीवर तपासा. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) घालून वळू नका. वळणावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरतात, पण पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमध्ये तो फरक सामावून घ्यायची सोय नसते, आणि ताण थेट दात्यांवर येतो. लीव्हर किंवा बटण चालतंय पण पुढची चाकं ओढत नाहीत, असं झालं तर पुढची चाकं जोडणाऱ्या व्हॅक्यूमवाल्या हबच्या नळ्या बघा. इतक्या वर्षांत त्या तडकतात. पूर्ण वळवून चालवताना कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढचं चाक वळतानाही फिरवणारा सांधा). चालू पडताना एकदाच 'ठक्' आलं तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, खेळ आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

एवढं सगळं झाल्यावर महिनाभर रोजच्या वापरात चालवा. जे गळायचं ते घराजवळ गळू दे.

वजनकाटा:

पानाशी सहमत. आता तुमच्या यादीचा हिशेब. हातात ६०० किलो आहेत. माझे अंदाज असे:

चौघं माणसं २१०, रॅक ३०, तंबू ६०, ड्रॉवर ५५, भरलेला फ्रिज ३५, लिथियम बॅटरी आणि वायरिंग १५, पाणी ६० लिटर म्हणजे ६०, हत्यारं-सुटे भाग-कंप्रेसर ३५, बंपर-विंच ८०, अंथरुणं-कपडे-खुर्च्या-शेगडी-शिधा ८०, जास्तीच्या डिझेलचा २० लिटरचा कॅन २०.

बेरीज ६८०. म्हणजे ८० किलो जास्त, आणि मोठे टायर स्टेपनीसकट आणखी २० किलो सहज घालतील.

बंपर-विंच कापा. तुम्ही सांगितलेल्या वापराला फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (अडकलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) आणि कंप्रेसर पुरतात. ड्रॉवरऐवजी झाकणाचे क्रेट घेतले तर अजून ४० किलो वाचतात. ड्रॉवर हवेतच असतील तर १८ ऐवजी १२ मिमी प्लायवूडचे करा. १८ मिमी प्लाय चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, १२ मिमीचा ८. कडांना अँगल दिला की पुरे होतो.

टपाचं गणित त्याहून वाईट आहे. रॅक आणि तंबू मिळून ९०, मर्यादा ८०. ही मर्यादा चालत्या गाडीची आहे. उभ्या गाडीवर तंबूत चौघं झोपली तरी छप्पर सहसा तोलून धरतं, हा वेगळा विषय. कच्च्या रस्त्यावर हादऱ्यांमुळे टपावरचा भार मर्यादेच्याही बराच खाली ठेवायचा असतो. शिवाय एवढं वजन उंचावर गेलं की आडव्या उतारावर गाडी लवकर कलते. लहान मुलं रात्री शिडीवरून उतरणार, हेही बघा. माझं मत, जमिनीवरचा चांगला तंबू घ्या.

वजन किती, यासोबत ते कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. व्हीलबेस २.७ मीटर धरा. मागच्या ॲक्सलच्या ०.९ मीटर मागे ६० किलो टांगले, तर मागच्या ॲक्सलवर ८० किलो वाढतात आणि पुढून २० कमी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी. पाणी आणि हत्यारं मागच्या सीटला लागून, जमिनीलगत ठेवा.

पहिल्या सहलीआधी सगळं भरून, सगळे बसून वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. दोन्ही ॲक्सलच्या मर्यादा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा हँडबुकात सापडतात.

रेतीवाला:

रूफटॉप तंबूबद्दल थोडं वेगळं मत. पावसात, चिखलात पाच मिनिटांत कोरडी झोपायची जागा मिळणं ही लहान गोष्ट नाही. हलक्या ॲल्युमिनियम पट्ट्यांवर ४५ किलोच्या आसपासचा दोघांचा तंबू टपावर आणि दोघांना खाली छोटा तंबू, असं ८० च्या आत बसतं. पण चौघांचा टपावर नको, हे बरोबर.

लिफ्टचं म्हणाल तर ५० मिमीची घाई नको. पुढे इंडिपेंडंट आहे, उंची वाढली की सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि बूट लवकर फाटतात. अलाइनमेंट करून घ्यावं लागतं, हेडलाइट खाली करावे लागतात. मागच्या ब्रेकला भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा लीव्हर पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तुम्हाला उंची नकोय, भार घेऊन गाडी मागे बसू नये एवढंच हवंय. पाटे चपटे झाले असतील तर कायम राहणाऱ्या वजनाला साजेसे नवे पाटे, नवे बुश आणि चांगले शॉकॲब्सॉर्बर. अति कडक पाटे घेतलेत तर रिकामी गाडी उड्या मारेल. आणि पाटे बदलल्याने २,६०० चे २,८०० होत नाहीत. ॲक्सल, ब्रेक, चेसिस तेच राहतात.

टायर मूळ मापाचेच ऑल-टेरेन घ्या. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाचही एकाच मापाचे हवेत. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर-हाय चालवली तर सरळ रस्त्यावरही ट्रान्सफर केसमध्ये ताण साठतो. हवेचं म्हणाल तर रस्त्यावर ३४-३६ पीएसआय असेल, तर खडबडीत वाटेवर २५-२६, मऊ रेतीत १६-१८. कमी हवेत वेग कमी, झटक्यात वळणं नाहीत, नाहीतर टायर रिममधून निसटतो. डांबरावर परत आलात की आधी हवा भरा. चाक काढून लावलं असेल तर साधारण १०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

अडकलेली गाडी ओढताना टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही अडकवू नका. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. चेसिसला बोल्ट केलेले रेटेड हूक हवेत. जहाजावर किंवा ट्रकवर बांधायला दिलेले पातळ हूक त्या कामाचे नाहीत. मुलं दोराच्या दीडपट लांबीच्या बाहेर.

तारवाला:

विजेचं मी सांगतो. ४० लिटरचा फ्रिज उन्हाळ्यात सरासरी २ अँपिअर धरा, दिवसाला ४८ अँपिअर-अवर. दिवे आणि फोन मिळून ८-१०. म्हणजे रोज ५५-६०. १०० अँपिअर-अवरच्या एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीतून निम्मंच वापरायचं असतं, तिला एक दिवसही निघत नाही. १०० ची लिथियम आयर्न फॉस्फेट ८०-९० देते, दीड दिवस. १०० वॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० परत देतं. तीन रात्री एकाच जागी राहायचं तर असं एक पॅनल पुरणार नाही, २०० वॉट तरी लावा.

लिथियमला साधा व्होल्टेज रिले (व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच) वापरू नका. ती अल्टरनेटरमधून वाटेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. शिवाय तिचा स्थिर व्होल्टेजच १३.३ च्या आसपास असतो, त्यामुळे इंजिन बंद झालं तरी रिले सुटत नाही. २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ५० च्या आसपास मिळतात. बॅटरी इंजिनच्या खोलीत ठेवू नका. शून्य अंशाखाली चार्ज होऊ देऊ नका.

वायर जाड घ्या. ५ मीटर जाऊन ५ मीटर परत, २५ अँपिअर: ६ चौरस मिमी तांब्यात ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, १६ चौरस मिमीमध्ये ०.२७. फ्रिज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो तेव्हा बॅटरी भरलेली आणि वायर बारीक, असं अनेकदा निघतं. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ, २० सेंमीच्या आत. वायर मध्ये कुठे घासून चेसिसला टेकली तर करंट दोन्हीकडून येतो. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घाला. कंप्रेसर लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, थेट बॅटरीवर क्लिप लावा.

वीजेचा भाग नाही, तरी लिहितो: तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, ऊब हवी म्हणूनसुद्धा. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवा.

कच्चीवाट:

सगळ्यांचे आभार. लिफ्ट, बंपर, विंच यादीतून गेले. आज फक्त मागचं डिफ उघडलं. ऑइल कॉफीच्या रंगाचं, फेसाळ. चुंबकावर पेस्ट आहे, कपचे नाहीत. नवं ऑइल घालून विषय संपला का?

पाना१०१२:

नाही. आधी स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल भरा, १५-२० किमी चालवून गरम असतानाच काढा. अजून दुधाळ निघालं तर पुन्हा तेच. स्वच्छ निघाल्यावर चांगलं ऑइल. यादरम्यान ब्रीदर काढून फुंकून बघा, बुजलेला असेल तर कारण सापडलं.

मग ६०-८० च्या वेगाला कान द्या. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर गुणगुण बदलत असेल तर पाण्याने बेअरिंगवर गंजाचे डाग पडलेत, हाऊसिंग उघडावं लागेल.

पिनियनचं (प्रोपेलर शाफ्टकडून डिफमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याचं) सील ओलं दिसलं तर बदलताना नट, शाफ्ट आणि फ्लँजवर एका रेषेत खूण करा, आटे मोजत काढा आणि लावताना त्याच खुणेवर आणा. आतली स्लीव्ह दबून बेअरिंगचा ताण ठरलेला असतो. नुसता आवळत गेलात तर बेअरिंग तापून जाईल. हे करणाऱ्याला खूण करायला सांगा, आणि त्याने 'गरज नाही' म्हटलं तर गाडी दुसरीकडे न्या.