पाण्याला वास येतोय : आमच्या सोसायटी ग्रुपवरचा शुक्रवार

जोशी काकू, ए-१०४ (सकाळी ६:५२): किचनच्या नळाला गटारासारखा वास येतोय. आणखी कुणाला येतोय का?

पाटील, बी-४०२: आमच्याकडे नाही.

मेघना, ए-२०१: आम्हालाही येतोय. रंगही जरा मातकट वाटतोय.

शिंदे, सी-३०१: अहो, काल गुरुवार होता. बंदनंतरचं पहिलं पाणी गढूळच येतं. पुण्यात नवीन आहात का? दहा मिनिटं नळ सोडून ठेवा.

जोशी काकू, ए-१०४: गढूळ वेगळं आणि वास वेगळा, शिंदे.

रोहन, सी-१०२: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: रोहन, धरणात विष कालवल्याचे फॉरवर्ड इथे नकोत. वाचला मी.

गोखले काका, बी-३०३: शिंदे, बंदनंतरच्या पाण्याकडेच जास्त लक्ष द्यायचं असतं. लाइनमध्ये दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा थांबला की दाब जातो, आणि शेजारून ड्रेनेज जात असेल तर त्याच भोकातून घाण आत ओढली जाते. गंजाने पाणी लाल होईल, पण त्याला गटाराचा वास यायचा नाही. आधी प्रत्येकाने विंग लिहा. बी विंगची जमिनीखालची टाकी वेगळी आहे.

(पुढच्या पंधरा मिनिटांत ए आणि सी मधून ‘येतोय’, बी मधून ‘नाही’.)

शिंदे, सी-३०१: मिसेस म्हणतात आम्हालाही येतोय.

गोखले काका, बी-३०३: मग धरण सोडा, खडकवासल्याचं पाणी विंग बघून येत नाही. सेक्रेटरी, ए-सी चा पंप आत्ता बंद करा आणि वॉचमनला सांगा, कुणी मागितलं तरी चालू करायचा नाही. टाकी मात्र रिकामी करू नका! आधी नमुना. पाणी सोडून दिलं की पुरावाही गेला.

चेअरमन: पाणीपुरवठ्याकडे तक्रार नोंदवली. इंजिनिअर साहेब पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याला घेऊन येतायत. तोवर ए आणि सी ने बी च्या बागेतल्या नळावरून भरावं. तेही उकळूनच प्या.

प्रिया, सी-२०४: काका, बाळाच्या बाटल्या सकाळी याच पाण्याने धुतल्या. उकळलं की सगळं जातं ना?

गोखले काका, बी-३०३: प्रियाताई, बाटल्या पुन्हा चांगल्या पाण्यात उकळा. बाळाला जुलाब-उलटी वाटली तर वाट न बघता डॉक्टरांकडे. जंतू असतील तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. पण उकळणं हा दरवेळचा इलाज नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात कोळसा धुण्याचं रसायन एल्क नदीत गळालं. तीन लाख लोकांना सांगितलं, हे पाणी संडासात आणि आग विझवायलाच वापरा, अंघोळसुद्धा नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्याच टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळाचं विष आलं. ते उकळल्याने कमी होत नाही, पाणी आटून उलट दाट होतं. म्हणून तिकडे ‘उकळून प्या’, ‘पिऊ नका’ आणि ‘वापरूच नका’ असे तीन वेगळे आदेश असतात. आपल्याकडचा वास मैल्याचा आहे, म्हणून उकळणं लागू पडतं. डिझेलसारखा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

मेघना, ए-२०१: माझी बहीण धायरीला राहते. जीबीएसच्या (हातपाय लुळे पडतात तो नसांचा आजार) वेळी फार घाबरले होते सगळे. तसंच काही नाही ना हे?

गोखले काका, बी-३०३: जानेवारी २०२५ ची सिंहगड रोडची साथ. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. त्या जंतूचा संसर्ग झालेल्या फारच थोड्या लोकांना पुढे जीबीएस होतो, त्यामुळे आज एवढी भीती नको. पण हलगर्जीपणाही नको. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेणखत विहिरीत उतरलं, हाच जंतू आणि ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू पाण्यात. क्लोरीन नीट पडत नव्हतं आणि कर्मचारी वहीत आकडे मनाने लिहीत होते. सुमारे २,३०० आजारी, ७ मृत्यू. यंत्र बिघडतं, ते दुरुस्त होतं. खोटी वही मात्र सगळ्यांना झोपवून ठेवते.

रोहन, सी-१०२: खाली साहेब आलेत. छोट्या बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकतायत.

सेक्रेटरी (९:४०): ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) झाली. रस्त्यावरून येणाऱ्या लाइनचं पाणी पिवळं झालं, क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलीग्रॅम. ए-सी टाकीचं पांढरंच राहिलं, म्हणजे शून्य. बी टाकी ०.३. साहेब म्हणाले, बाहेरची लाइन ठीक आहे, दोष तुमच्या आवारात. दोन्हीकडचे नमुने लॅबला नेलेत.

शिंदे, सी-३०१: म्हणजे आपलंच?

गोखले काका, बी-३०३: आपलंच. शून्य क्लोरीन म्हणजे जंतू सापडलेच असं नाही, पण आत येणारं क्लोरीन काहीतरी खातंय. नळापाशी किमान ०.२ हवं, विषाणूंची भीती असेल तिथे ०.५, असं आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. ई. कोलाय १०० मिलीत एकही चालत नाही. तो रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून आधी ओटी बघायची. सी च्या जिन्याखालचा ड्रेनेज चेंबर उघडा. टाकीची भिंत तिथून हातभरावर आहे.

सेक्रेटरी (१०:२५): चेंबर तुंबलाय. टाकीच्या आतून त्या बाजूला ओल आणि भेग दिसते. फोटो टाकत नाही, सगळ्यांचा नाश्ता व्हायचाय.

रोहन, सी-१०२: काका, हे मेन लाइनमध्ये झालं असतं तर पालिका काय करते?

गोखले काका, बी-३०३: क्रम हाच, पसारा मोठा. तक्रारी नकाशावर मांडायच्या, कुठल्या व्हॉल्व्हच्या पुढे वास येतो ते शोधायचं आणि तो बंद करायचा. खात्री व्हायची वाट बघत लोकांना पाजत राहायचं नाही. संशय बळकट झाला की लोकांना सांगून टाकायचं, आणि सगळ्यात आधी हॉस्पिटल आणि डायलिसिस सेंटरना. मग दुरुस्ती, जास्तीचा क्लोरीन डोस, वॉशआऊटमधून, म्हणजे लाइनचं पाणी बाहेर सोडायच्या तोंडातून, लाइन धुणं, पुन्हा नमुने. ते चांगले आले की मगच चालू. पण खरी कसोटी आधीची असते. व्हॉल्व्हचा नकाशा कागदावर आहे, की फक्त जुन्या चावीवाल्याच्या डोक्यात? क्लोरीनचा साठा आहे का? लोकांना पाठवायचा मेसेज आधी लिहून ठेवलाय का? अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ३,३०० पेक्षा जास्त लोकांना पाणी देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला अशी आपत्कालीन योजना करावीच लागते. माझ्या नोकरीत मी रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन व्हॉल्व्ह शोधलाय, म्हणून सांगतो.

पाटील, बी-४०२: क्लोरीन वाढवलं की काम भागत नाही का?

गोखले काका, बी-३०३: नाही भागत. १९५५-५६ ला दिल्लीत यमुनेतलं सांडपाणी वजिराबादच्या पंपांपर्यंत उलटं आलं. जलकेंद्राने क्लोरीन वाढवलं. टायफॉईड वाढला नाही, पण काविळीचे २९,३०० रुग्ण निघाले. ती हेपॅटायटिस ई या विषाणूची होती, हे कित्येक वर्षांनी कळलं. घाण पाण्यात पावडर ओतून वास मारू नका, आधी घाण थांबवा.

सेक्रेटरी: ठरलं असं. चेंबर आज मोकळा. उद्या टाकी उपसून घासणार आणि भेग बुजवणार. गिलावा वाळला की २०,००० लिटर भरून ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ५० मिलीग्रॅम क्लोरीन. काका, पावडर किती?

गोखले काका, बी-३०३: एक किलो क्लोरीन लागेल. ताजी ब्लीचिंग पावडर साधारण साडेतीन किलो, उघडं पडलेलं जुनं पोतं नको. बादलीत कालवून वरची निवळ घाला. निदान अर्धा दिवस ठेवा, मग सोडून द्या आणि पुन्हा भरून ओटी. गच्चीवरच्या टाक्या आणि पाइपही त्यातच घ्या, नाहीतर खालची टाकी चकाचक आणि नळाला कालचंच पाणी. टाकीत उतरणारा एकटा नको, दोरी बांधून उतरवा आणि वर दोन माणसं ठेवा.

जोशी काकू, ए-१०४: आमच्याकडे आरओ आहे. तो चालेल ना तोवर?

गोखले काका, बी-३०३: पंप बंद होईपर्यंत हेच पाणी त्यात गेलंय, काकू. तूर्त बंद ठेवा. टाकी झाली की फिल्टर बदला, आतली टाकी धुवून घ्या, मग वापरा.

खजिनदार: चेंबर हलवायचा खर्च सिंकिंग फंडातून की वर्गणी काढून?

पाटील, बी-४०२: बी ची टाकी वेगळी आहे, आम्ही का द्यायचं?

जोशी काकू, ए-१०४: लिफ्टच्या वेळी आम्ही दिले होते, पाटील.

चेअरमन: रविवारी अकराला मीटिंग, पार्किंगमध्ये. इथे पैशांवर एकही मेसेज नको.

शिंदे, सी-३०१: ओटीची बाटली आणि औषध कुठे मिळतं? मी आणतो, माझ्या खर्चाने.