वर्ल्डकपची एकही रेस न जिंकता वीसेक वर्षं डाउनहिल स्कीइंग! योहान क्लारेबद्दल बोलायचंय

बर्फवेडी:
सध्या रात्री जेवणं झाली की जुन्या डाउनहिल रेसेस (बर्फाच्या डोंगरावरून एकेकट्याने सुसाट खाली यायचं, सगळ्यात कमी वेळ लागला तो पहिला) बघायचा नाद लागलाय, त्यात फ्रान्सच्या योहान क्लारेवर येऊन अडकलेय. जन्म १९८१ चा, वीसेक वर्षं वर्ल्डकप (दर हिवाळ्यातली रेसेसची मालिका) खेळला, पहिल्या तिघांत ११ वेळा आला पण पहिला एकदाही नाही. आणि मग बीजिंग २०२२ ला वयाच्या ४१ व्या वर्षी डाउनहिलचं ऑलिंपिक सिल्व्हर! त्याआधी अल्पाइन स्कीइंगमध्ये (म्हणजे उतारावरच्या सगळ्या स्की रेसेस) सगळ्यात मोठ्या वयाचा मेडलवाला बोडी मिलर होता, तो ३६ चा. या खेळात गुडघ्यांची वाट लागते म्हणतात, मग चाळिशीत हा माणूस उलट जास्त चांगला कसा झाला? आणि जिंकत नसताना दर उन्हाळ्यात परत जिम, दर हिवाळ्यात परत स्टार्टगेट, हे इतकी वर्षं कशाच्या जोरावर केलं असेल? कोणी हा खेळ जवळून बघितला असेल तर सांगा ना.

जिनिव्हाकर:
भारी धागा. त्याचं जन्मगाव आनसी आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, इकडे स्कीइंगचं वेड घराघरात आहे त्यामुळे जमेल तेवढं सांगतो.
वयाचा फटका स्लॅलम रेसला जास्त बसतो, तिथे गेटं (वळसा घालायचे खांब) जवळजवळ आणि सेकंदासेकंदाला वळण. डाउनहिलला ताकद लागतेच पण त्याहून जास्त उतार वाचता यावा लागतो. रेसच्या आधी इन्स्पेक्शन असतं, तेव्हा सगळे स्कीअर कोर्सवरून आडवे घसरत अगदी हळू खाली येतात, मध्येमध्ये थांबतात, बर्फ कुठे कडक आहे, कुठे सावली पडणार, उडी कुठल्या अंगाने घेतली की पुढचं वळण हातात येईल हे डोक्यात भरून घेतात. नंतर स्टार्टच्या मागे बघा, डोळे मिटून उभे असतात आणि पंजा हवेत डावीउजवीकडे वळत असतो, म्हणजे अख्खा कोर्स मनात उतरून चाललेला असतो. हे वाचन वर्षांनीच येतं. ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलचा श्ट्राइफ कोर्स घ्या, ३.३ किमी, स्टार्टनंतर काही सेकंदांत माउसफालची उडी आणि तिथे उतार ८५ टक्क्यांपर्यंत, त्या कोर्सवर क्लारे २०२१, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षं दुसरा आला, शेवटच्या वेळी वय ४२!
बीजिंगच्या वेळी तर रेस झाली तो यानचिंगचा कोर्स सगळ्यांनाच नवा होता, कोविडमुळे आधीच्या टेस्ट रेसेस झाल्याच नव्हत्या, अशा ठिकाणी जुना माणूस भारी पडतो असं माझं मत. गोल्डवाल्या स्वित्झर्लंडच्या बेआट फॉइत्सच्या मागे ०.१० सेकंद. त्या दिवशीच्या सरासरी वेगाने हिशोब केला तर ३ मीटरच्या आसपास येतं, म्हणजे दोन स्की मागेपुढे ठेवल्या तर त्याहूनही कमी अंतर.

निनाद_ठाणे:
सगळं मान्य पण एक बोलतो, निष्ठा निष्ठा म्हणताना यातला धोका बाजूला राहतो. क्लारेच्याच फ्रेंच टीममधला दाव्हिद पुआसाँ नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडात ट्रेनिंग करताना पडला आणि गेला, ३५ वर्षांचा होता. त्यानंतर पण हा परत स्टार्टला उभा राहिला. मला आदर आहे पण घरच्यांच्या बाजूने विचार केला की पोटात गोळा येतो खरंच.

जिनिव्हाकर:
@निनाद, बरोबर आहे आणि ते विसरूच नये. पण बघ, त्याच्या पुढच्याच मोसमात स्वीडनमधल्या ऑरेच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्याने सुपर-जीचं (डाउनहिलसारखीच वेगाची पण जास्त वळणांची रेस) सिल्व्हर घेतलं, ३८ व्या वर्षी, ऑस्ट्रियाच्या क्रीखमायरशी बरोबरीत. मला वाटतं फक्त जिंकण्यासाठीच खेळत असता तर हा माणूस तिशीतच घरी गेला असता. पहिला पोडियमच (पहिल्या तिघांत येणं) मुळात २००९ च्या डिसेंबरात इटलीतल्या वाल गार्डेनाला, वय २८. त्याला खाली जाणं आवडत होतं, दर वेळी आधीपेक्षा नीट, हेच उत्तर मला पटतं.

गुलमर्ग_रिटर्न:
मी गुलमर्गला बेसिक कोर्स केलाय, बेबी स्लोपवर सुद्धा स्की सुटली की छातीत धडधडतं, त्यामुळे हे लोक काय करतात ते पायांना कळतं. आपल्याकडचं नाव पण इथे यायलाच हवं, आरिफ खान. त्याच बीजिंग ऑलिंपिकला भारताचा एकटा खेळाडू, जायंट स्लॅलमला (यात गेटं स्लॅलमपेक्षा लांब लांब) ४५ वा आला. स्लॅलम पूर्ण झाली नाही. फ्रान्सच्या पोराला क्लब, कोच, टेक्निशियन सगळं आहे, काश्मीरच्या पोराला ट्रेनिंगसाठी युरोप गाठायचं म्हणजे आधी पैसे उभे करा. माझ्या लेखी तो ४५ वा नंबर फार मोठा आहे.

बर्फवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे, पंजा हवेत फिरवण्याचं आता प्रत्येक स्टार्टला बघणार. क्लारेची एकच रेस बघायची तर कुठली?

जिनिव्हाकर:
स्वित्झर्लंडमधलं वेंगेन, जानेवारी २०१३. हानेगशुस या टप्प्यावर ताशी १६१.९ किमीचा वेग लागला होता, वर्ल्डकपमध्ये तोवर इतका कोणाचाच नव्हता. पण माझं ऐकशील तर आधी किट्सब्यूल २०२३ लाव, नॉर्वेचा किल्डे जिंकला ती. क्लारे फिनिशला येऊन बोर्डाकडे बघतो तो क्षण पुढे ढकलू नकोस.