‘डाल्टनिझम’ या संज्ञेचा मूळ अर्थ : मदत हवी आहे
रंगदृष्टीदोषाला ‘डाल्टनिझम’ हे नाव रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्यावरून पडले. त्यांनी १७९४ मध्ये स्वतःच्या या दोषावर निबंध वाचला होता आणि त्यांच्या जतन केलेल्या डोळ्याच्या १९९५ मधील डीएनए तपासणीत त्यांच्याकडे हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य नव्हते, असे आढळले. दोष इतका विशिष्ट असूनही काही शब्दकोश ही संज्ञा सर्वच रंगांधत्वाला लावतात, तर काही ती लाल-हिरव्या दोषापुरतीच ठेवतात. हा गोंधळ मला महत्त्वाचा वाटतो. दोषाची कारणे, आनुवंशिकता व चाचण्या यांविषयी वाचन झाले आहे. डाल्टन यांच्या हयातीत, म्हणजे १८४४ पर्यंतच्या छापील लेखनात, ही संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली जात होती, हे मूळ मजकुराच्या आधारे कोणी सांगू शकेल का?