"5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत" यातला 'उपचार' कोणी ठरवला?

नीराकाठ
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "महाराष्ट्रात आता रेशन कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, तरी लोकांची रड संपत नाही." वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या वडिलांना चौदा वर्षं साखर. गोळ्या, इन्सुलिन, रक्ताच्या तपासण्या सगळं खिशातून. कारखान्याने उसाचं बिल थकवलं त्या वर्षी ते आम्हाला न सांगता इन्सुलिन एक दिवसाआड घेत होते. अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ते ऑपरेशन याच 5 लाखांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं. योजनेच्या आरोग्यमित्राने (दवाखान्यात पेशंटला मदत करणारा माणूस) धावपळ केली, प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी लगेच आली, एक रुपया लागला नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पण पाय कापणं हा उपचार, आणि पाय वाचवणारं इन्सुलिन हा उपचार नाही? 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयात 1,356 उपचार होते, नंतर यादी आणखी वाढली. सगळी मांडणी मात्र भरती झालेल्या पेशंटची. आणि हा शासन निर्णय आहे, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. उद्या दुसरा निर्णय काढून एखादी ओळ खोडली, तर मी कोणत्या कलमावर बोट ठेवून भांडू?

तालुक्याचा सर्जन
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मुद्दा मात्र चुकीच्या दारात टाकलाय. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. इन्सुलिन तिथे मिळायला हवं. विमा असतो तो अंगावर कोसळणाऱ्या खर्चासाठी.

यादीला नावं ठेवता, पण यादी आहे म्हणूनच मी टेबलावर पेशंट घेऊ शकतो. पॅकेजच्या ठरलेल्या रकमेत खाट, औषधं, तपासण्या, जेवण, घरी जायचं भाडं सगळं येतं. कायद्यात नुसतं "आवश्यक ते सर्व उपचार" लिहून ठेवलं, तर आवश्यक काय हे रात्री दोन वाजता कोण ठरवणार? आणि पैसे? माझे मागच्या वर्षीचे क्लेम अजून अडकलेत. नर्सचा पगार मी कर्ज काढून केलाय. यावर कुणी धागा काढत नाही.

नीराकाठ
आमच्या ग्रामीण रुग्णालयात इन्सुलिन "पुढच्या आठवड्यात या" असं असतं, डॉक्टर. तीन वेळा गेलोय. आणि पुण्यातलं सरकारी मेडिकल कॉलेज त्या मोफतच्या निर्णयात नाही, कारण सरकारी खातं वेगळं, वैद्यकीय शिक्षणाचं. पेशंटला खातं कसं कळणार?

लालबागची सून
या सगळ्यात एक जुनी गोष्ट कुणालाच आठवत नाही. राज्य कामगार विमा, 1948 चा कायदा, कलम 56. भरती, दवाखान्यातली ओपीडी आणि गरज पडली तर डॉक्टरने घरी येऊन तपासणं, सगळं त्या कलमात लिहिलं होतं. माझे सासरे गिरणीत होते. चाळीच्या कोपऱ्यावर पॅनेलचे डॉक्टर होते, सासऱ्यांच्या दम्याची बाटली दर महिन्याला तिथून यायची. कुणी उपकार म्हणून दिली नाही, पगारातून वर्गणी कापली जायची. तेव्हा कायद्यात ओपीडी बसत नाही हे मला सांगू नका.

शिफ्ट बी
ईएसआयसीचं, म्हणजे तुमच्या त्या कामगार विम्याचं, कौतुक नको ताई. 21,000 च्या वर पगार गेला की तुम्ही बाहेर. ही मर्यादा 2017 पासून तीच. माझ्या भावाला चाकणला कंपनीने 800 रुपये वाढ दिली आणि त्याच वर्षी बायकोला गर्भाशयाच्या गाठी निघाल्या. ओव्हरटाइम धरला म्हणून पगार वर गेला. कसला डोंबलाचा कायदा!

लालबागची सून
भावाला फसवलंय कंपनीने. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. वर्गणी तेव्हा त्यावर कापायचे, पण तुम्ही आत की बाहेर हे ठरवताना तो सोडून बघायचे. आणि मध्येच पगार वाढला तरी तो सहामाही काळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, विमा चालू राहतो. एचआरला लेखी विचारायला सांगा.

शिफ्ट बी
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. एचआरची मुलगी म्हणाली, कार्ड बंद झालं. आम्ही सोनं मोडलं. आता मला कलम सांगून काय उपयोग?

तालुक्याचा सर्जन
बघा, कायदा असूनही माणूस बाहेरच राहिला. मी हेच म्हणतोय.

लालबागची सून
नाही डॉक्टर, तुम्ही हे म्हणत नव्हता. कायदा होता म्हणून आज आपण सांगू शकतो की त्याच्यावर अन्याय झाला. नीराकाठच्या वडिलांवर अन्याय झाला हे कुठल्या कागदावर दाखवाल? तुमच्या योजनेच्या हिशेबाने तर सगळं नियमाप्रमाणेच झालंय.

टोरांटोकर
कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. इथे 1984 चा कॅनडा हेल्थ अॅक्ट आहे. डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या "वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक" सेवा द्यायच्याच, पण आवश्यक म्हणजे काय हे कायद्याने सांगितलंच नाही, ते प्रांतांवर सोडलं. ब्रिटिश कोलंबियातले पालक स्वमग्न मुलांच्या थेरपीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 2004 मध्ये हरले. ती सेवा कायद्याच्या गाभ्यात येत नाही, असं कोर्ट म्हणालं. माझ्या मुलाची थेरपी चालू होती तेव्हा तो निकाल मी वाचला होता. त्या रात्री झोप लागली नव्हती.

नीराकाठ
म्हणजे मोघम शब्द नकोत, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटायला लागलंय. यादी राहू दे. पण कायद्याला जोडलेली हवी, आणि तिच्यात साखर, रक्तदाब, फिट्स यांची महिन्याची औषधं नावानिशी हवीत. दवाखान्यात साठा संपला तर बाहेरच्या मेडिकलमधून घेऊन बिल योजनेला लावायचा हक्क हवा. याहून जास्त मी काही मागत नाही.

तालुक्याचा सर्जन
औषधांचं ठीक आहे. मागच्या महिन्यात दोन पाय मीच काढलेत, दोघांचं इन्सुलिन सुटलेलं होतं. पण त्याच कायद्यात हेही लिहा की डॉक्टरचं बिल ठरल्या दिवसांत दिलं नाही तर सरकारने व्याज द्यायचं. ते नसेल तर मी या मागणीच्या बाजूने नाही.

नीराकाठ
लिहू. व्याजासकट.

शिफ्ट बी
ताई, भावाच्या त्या वर्षीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आईच्या ट्रंकेत सापडल्या. ओव्हरटाइमचा रकाना वेगळा आहे. तो सोडला तर 19,600 होतात. अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते सांगा.